मुंबईचे संशोधक : शंकर आबाजी भिसे

मुलांनो, लालबागच्या नाक्यावर उभे राहून एकदा चहूकडे पाहा. डोक्यावरून उड्डाणपूल गेलेला आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती आहेत. त्या इमारतींच्या मधूनच एखादी जुनी दगडी भिंत किंवा विटांची चिमणी डोकावते. ती गिरण्यांची खूण आहे. लालबाग, परळ, चिंचपोकळी, करी रोड हा सारा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जात असे. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत ताडदेव येथे पहिली सूतगिरणी काढली. त्यानंतर पन्नास वर्षांत येथे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे कामाला आली. मदनपुऱ्यात राहणारे मोमीन विणकर साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, काम करू लागले.

या गिरण्यांतली बहुतेक यंत्रे इंग्लंडमधून येत. यंत्राबरोबर त्याची माहिती सांगणारे कागदही येत. यंत्र कसे जोडावे, तेल कोठे घालावे, कोणता भाग फिरत असताना हात जवळ नेऊ नये, हे सारे त्यांत लिहिलेले असे. पण ते इंग्रजीत असे. कामगाराची भाषा मराठी किंवा उर्दू. तो जुन्या कामगाराकडे पाहून काम शिकत असे. जॉबर ओरडून सांगेल तेवढे ऐकत असे. आपण रोज ज्या यंत्राजवळ दहा-बारा तास उभे राहतो ते कोणत्या तत्त्वावर चालते, हे त्याला कोणी समजावून सांगत नसे. मग तसे नवे यंत्र आपणच का बनवू नये, असा विचार त्याच्या मनात कोठून येणार?

त्याच काळात मुंबईत एका तरुणाच्या मनात मात्र हा विचार आला. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे. पुढे लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागले. त्यांच्या जीवनाची ही कथा आहे.

बालपण

शंकरचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. घरची स्थिती साधारण होती. लहानपणापासून त्याला वस्तू खोलून पाहण्याचा नाद होता. वस्तू का चालते आणि चालायची का थांबते, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या वेळी मुंबईत विजेचे दिवे नव्हते. रस्त्यांवर गॅसचे दिवे लागत. माझगावचे जहाजबांधणी करणारे अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४ साली आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावून सगळ्यांना चकित केले होते. पुढे १८६०च्या दशकात शहरातील रस्त्यांवर असे दिवे आले. हा गॅस दगडी कोळशापासून तयार करीत. लालबागला गॅस कंपनी लेन नावाची गल्ली आहे. त्या जुन्या उद्योगाची आठवण तिच्या नावात राहिली आहे.

कोळशापासून गॅस कसा निघतो? कोळसा बंद भांड्यात ठेवायचा आणि बाहेरून खूप तापवायचा. आत हवा नसल्यामुळे कोळसा पेटत नाही. त्याच्यातून वायू बाहेर पडतो. तो नळीने पाण्यातून नेला की त्यातला डांबरासारखा मळ खाली राहतो. उरलेला वायू पेटवला की उजेड पडतो. शंकर चौदा वर्षांचा असताना त्याने असे एक छोटे यंत्र घरी बनवले. हा वायू विषारी असतो, म्हणून तुम्ही मात्र असा प्रयोग घरी करू नका. पण चौदा वर्षांच्या मुलाने शहराला उजेड देणाऱ्या कारखान्याचे काम समजून घेतले आणि ते लहान प्रमाणात करून दाखवले, ही गोष्ट लक्षात ठेवा.

सोळाव्या वर्षी त्याने मनाशी ठरवले की, आपण इंग्लंडला किंवा अमेरिकेला जायचे आणि संशोधक व्हायचे. जवळ पैसा नव्हता. ओळख नव्हती. होता तो केवळ निश्चय.

कचेरी आणि क्लब

शिक्षण झाल्यावर भिसे यांनी मुंबईत सरकारी हिशेबाच्या कचेरीत नोकरी धरली. दिवसभर ते आकडेमोड करीत आणि उरलेला वेळ प्रयोगांत घालवीत. अशा वेळी अनेक जण आपले ज्ञान आपल्यापाशीच ठेवतात. भिसे यांनी तसे केले नाही. त्यांनी मुंबईत सायंटिफिक क्लब नावाची संस्था काढली. विज्ञानाची आणि यंत्रांची आवड असलेल्या लोकांनी एकत्र यावे, नव्या गोष्टी पाहाव्यात आणि करून पाहाव्यात, हा तिचा हेतू होता.

त्यांनी आणखी एक काम केले. 'विविध कलाप्रकाश' नावाचे मराठी मासिक त्यांनी चालवले. येथे कला म्हणजे चित्रकला किंवा गायन नव्हे. त्या काळी कारागिरी, हुनर, यंत्रविद्या यांनाही कला म्हणत. विज्ञान आणि उद्योग यांची माहिती साध्या मराठीत लोकांना मिळावी, म्हणून हे मासिक होते.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. इंग्रजी पुस्तकात एखाद्या यंत्राचे वर्णन असते. ते मराठीत आणताना प्रत्येक भागाला नाव शोधावे लागते. संस्कृतातून अवघड शब्द घडवावा, की कारखान्यातील कारागीर जो शब्द बोलतात तो घ्यावा, हे ठरवावे लागते. वाक्य लहान ठेवावे लागते. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम चुकला तर वाचणाऱ्याचे यंत्र चालत नाही. गोष्ट किंवा कविता समजली नाही तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. यंत्राची माहिती चुकीची लिहिली गेली तर एखाद्याचे बोट जाऊ शकते. म्हणून असे लेखन करणाऱ्याला ते यंत्रही कळावे लागते आणि भाषाही कळावी लागते.

भिसे यांना दोन्ही कळत होते. त्यांच्या पुढच्या आयुष्यात याचा फार उपयोग झाला.

सूचना देणारी यंत्रे

मुंबईत असताना भिसे यांनी लहानमोठ्या अनेक वस्तूंचे आराखडे तयार केले. त्यांपैकी एक होता मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी. कोणते स्टेशन येत आहे हे प्रवाशाला दाखवणारे यंत्र त्यांनी योजले होते. आज आपण लोकलमध्ये बसतो तेव्हा पुढील स्टेशनचे नाव डब्यात ऐकू येते आणि पाटीवर दिसते. चिंचपोकळी गेले की करी रोड येणार, हे नव्या माणसालाही कळते. अशा सोयीचा विचार एका मुंबईकराने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी केला होता.

बाटलीत कोणी भेसळ करू नये म्हणून तिचे खास झाकण, विजेशी संबंधित उपकरणे, असेही त्यांचे प्रयोग चालू होते. १८९०च्या सुमारास ते डोळ्यांना फसवणाऱ्या दृश्यांच्या मागे लागले. पाहणाऱ्यासमोर एक घन वस्तू ठेवलेली असे आणि पाहता पाहता तिच्या जागी दुसरीच वस्तू दिसू लागे. हा जादूटोणा नव्हता. प्रकाशाच्या नियमांचा तो चतुर उपयोग होता. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉल या प्रसिद्ध सभागृहात त्यांनी हे प्रयोग करून दाखवले. ज्या शहराच्या परिसरातून मुंबईच्या गिरण्यांना यंत्रे येत, त्याच शहरात मुंबईचा एक कारकून आपली करामत दाखवत होता.

एका रात्रीचा आराखडा

मग एक प्रसंग घडला आणि भिसे यांच्या आयुष्याला वळण लागले. इंग्लंडमध्ये संशोधकांसाठी निघणाऱ्या एका मासिकाने स्पर्धा जाहीर केली. किराणा माल आपोआप वजन करून देणारे यंत्र कोण सुचवतो, असा तिचा विषय होता. वाण्याच्या दुकानात काय घडते ते आठवा. तो तराजूत वजन टाकतो, माल टाकतो, थोडा काढतो, पुन्हा थोडा टाकतो. त्यात वेळ जातो. कधी वजनात चूक होते. हे काम यंत्राने नेमके आणि झटपट करावे, अशी कल्पना होती.

भिसे यांनी ती जाहिरात वाचली आणि विचार सुरू केला. रात्री उशिरा त्यांना युक्ती सुचली. त्यांनी लगेच आराखडा काढला आणि तो इंग्लंडला पाठवून दिला. इंग्लंडमधील सर्व स्पर्धकांना मागे टाकून पहिले बक्षीस भिसे यांना मिळाले.

येथे जरा थांबून विचार करा. परीक्षकांनी भिसे यांना पाहिले नव्हते. मुंबईहून यंत्र उचलून कोणी इंग्लंडला नेले नव्हते. त्यांच्यासमोर होता तो फक्त कागद. त्या कागदावरून परदेशातील अनोळखी माणसांना यंत्र डोळ्यांसमोर उभे करता आले, म्हणून ते बक्षीस मिळाले. भिसे यांच्या डोक्यातली कल्पना कितीही चांगली असती आणि ती त्यांना मांडता आली नसती, तर मुंबईच्या कचेरीतील त्या कारकुनाचे नाव कोणाला कळले असते?

लंडनची वाट

या विजयामुळे मुंबईतील मोठ्या माणसांचे लक्ष भिसे यांच्याकडे गेले. त्यांपैकी एक होते दिनशा वाच्छा. ते राष्ट्रीय सभेचे चिटणीस होते आणि गिरणीच्या व्यवसायातही मुरलेले होते. आपल्या देशाला यंत्रे बाहेरून विकत घ्यावी लागतात, याचे त्यांना दुःख होते. त्यांनी भिसे यांना शिफारसपत्र दिले. ते पत्र होते लंडनमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजी यांच्या नावे.

दादाभाई १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून आले होते. भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते, हे ते आकडे देऊन जगाला सांगत होते. एक भारतीय तरुण इंग्लंडमध्ये येऊन यंत्रे बनवतो, याचे मोल त्यांनी ओळखले. त्यांनी भिसे यांच्याशी करार केला आणि पैशाची मदत सुरू केली.

भिसे लंडनच्या उत्तर भागात राहू लागले. घरच त्यांची प्रयोगशाळा झाले. तेथे त्यांनी विजेवर चालणाऱ्या जाहिरातीच्या पाट्या बनवल्या. त्यांतली एक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली. स्वयंपाकघरात लागणारी साधने, आपोआप पाणी सोडणारा शौचकूप, अशा कितीतरी वस्तू त्यांनी घडवल्या. पण त्यांचे सगळ्यात मोठे काम अजून व्हायचे होते. ते काम होते अक्षरांचे.

अक्षरांचे खिळे

आजकाल पुस्तक संगणकावर तयार होते. पूर्वी तसे नव्हते. शिसे, अँटिमनी आणि कथील हे धातू एकत्र वितळवून साच्यात ओतत. थंड झाल्यावर एक लहान चौकोनी कांडी बाहेर निघे. तिच्या टोकावर एक अक्षर उलटे उठलेले असे. या कांडीला मराठीत खिळा म्हणतात. असे हजारो खिळे लाकडी खणांत ठेवलेले असत. खिळे जुळवणारा कामगार एकेक खिळा उचलून ओळ तयार करी. मग त्यावर शाई लावून कागद दाबला की पान छापून होई.

मुंबई या कामात पुढे होती. जावजी दादाजी यांनी १८६९ साली येथे निर्णयसागर छापखाना काढला. लहानपणी छापखान्यात साधी मजुरी करणारे जावजी पुढे देवनागरीचे सुंदर खिळे पाडण्यासाठी देशभर नावाजले गेले.

आपल्या उर्दूची गोष्ट थोडी वेगळी आहे. नस्तालीक लिपीत अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे आपले रूप बदलते आणि शब्द वरून खाली उतरत येतो. त्याचे खिळे पाडणे फार अवघड. म्हणून उर्दूत कातिब हाताने लिहीत आणि ते लिखाण दगडावर उतरवून छापत. यालाच शिळाछाप म्हणतात. एकोणिसाव्या शतकात मुंबई हे फारसी आणि उर्दू शिळाछापाचे मोठे केंद्र होते. १९३८ साली मुंबईत सुरू झालेले 'इन्किलाब' हे वृत्तपत्रही अनेक वर्षे कातिबांच्या लेखणीतून उतरले. पुढे १९८१च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांच्या सुंदर अक्षरांवरून संगणकासाठी नूरी नस्तालीक तयार झाली. त्यासाठी त्यांना जोडअक्षरांचे हजारो आकार लिहावे लागले.

आता भिसे यांच्याकडे परत येऊ. छापताना दाब पडून खिळे झिजतात. मग नवे खिळे लागतात. खिळे महाग असले की छपाई महाग आणि छपाई महाग झाली की पुस्तक महाग. पुस्तक महाग झाले की गरीब मुलापर्यंत ते पोचत नाही. भिसे यांनी ठरवले की, खिळे पाडणारे असे यंत्र बनवायचे की, ते जुन्या यंत्रांच्या कितीतरी पट वेगाने चालेल आणि खिळा चांगला व स्वस्त निघेल. अनेक वर्षे झटून त्यांनी ते यंत्र तयार केले. त्यांनी आपल्या आडनावावरून त्याला 'भिसोटाइप' असे नाव दिले.

इंग्लंडमधील खिळे पाडणाऱ्या जुन्या कंपन्यांचा प्रथम यावर विश्वास बसला नाही. भारतातून आलेल्या माणसाने असे यंत्र बनवावे, हे त्यांना खरे वाटेना. भिसे यांनी त्यांना यंत्राचे काम दाखवले.

पैशाची अडचण

शोध लागला म्हणजे सगळे झाले, असे नसते. यंत्र एक बनवणे वेगळे आणि शेकडो बनवून विकणे वेगळे. त्यासाठी कारखाना लागतो आणि भांडवल लागते. हेन्री हाइंडमन नावाच्या इंग्रज पुढाऱ्याने भांडवल उभे करण्याचे आश्वासन दिले होते. ते पुरे झाले नाही. १९०७ साली वृद्ध दादाभाई भारतात परत आले. भिसे यांच्याजवळचा पैसा संपत आला. अखेर डिसेंबर १९०८ मध्ये त्यांनी सामान बांधले आणि मुंबईच्या बोटीत पाऊल ठेवले. दहा वर्षांची मेहनत वाया गेली, असेच तेव्हा कोणालाही वाटले असते.

त्या बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. प्रवासात दोघांची भेट झाली. भिसे यांनी आपले यंत्र त्यांना समजावून सांगितले. गोखले काही यंत्रशास्त्राचे जाणकार नव्हते. ते अर्थशास्त्राचे आणि राजकारणाचे अभ्यासक होते. तरीही त्या यंत्राचे महत्त्व त्यांना पटले. मुंबईला आल्यावर त्यांनी भिसे यांच्यासाठी शब्द टाकला. जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतनजी टाटा यांनी पैसा देण्याचे मान्य केले. हे रतनजी टाटा १९१८ साली वारले. आपल्या काळातील उद्योगपती रतन टाटा हे वेगळे. रतनजींच्या मदतीने भिसे यांचे काम पुन्हा उभे राहिले.

पाहा, दुसऱ्यांदा तेच घडले. मासिकाच्या परीक्षकांना त्यांनी कागदावर समजावले होते. गोखल्यांना बोलून समजावले. विषय न जाणणाऱ्या माणसालाही आपले काम कळेल अशा रीतीने सांगणे, हा भिसे यांचा मोठा गुण होता.

अमेरिकेत

पण १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. युद्धाच्या काळात नवा उद्योग उभा करणे कठीण झाले. भिसे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये राहिले. तेथे त्यांनी खिळे पाडण्याच्या यंत्रात आणखी सुधारणा केल्या. पुढे त्यांचे लक्ष रसायनांकडेही गेले. आयोडीनपासून बनवलेले 'ॲटोमिडीन' नावाचे औषध त्यांनी तयार केले. ते अमेरिकेत बरेच खपले.

भिसे यांनी आपल्या अनेक शोधांची पेटंटे घेतली. पेटंट म्हणजे काय? नवा शोध लावणारा माणूस आपल्या शोधाचे पूर्ण वर्णन आकृत्यांसह सरकारकडे देतो. ते वाचून त्या विषयातील जाणत्या कारागिराला ती वस्तू बनवता आली पाहिजे, अशी अट असते. त्याच्या बदल्यात काही वर्षे ती वस्तू बनवण्याचा हक्क फक्त शोधकाला मिळतो. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे होते. म्हणजे शोधकाला हक्क मिळतो तोही नीट लिहून दिल्यावरच.

सोळाव्या वर्षी केलेला निश्चय शंकर भिसे यांनी पुरा केला. इंग्लंड पाहिले, अमेरिका पाहिली, संशोधक म्हणून नाव मिळवले. पण त्यांचे यंत्र मुंबईच्या एखाद्या कारखान्यात तयार व्हावे आणि येथून जगभर जावे, असे मात्र घडले नाही. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. पुढे छपाईची पद्धत बदलली, संगणक आला, धातूचे खिळे मागे पडले. भिसे यांचे नावही लोक हळूहळू विसरले.

आपल्यासाठी

भिसे वीस वर्षांचे होते त्या वर्षी, म्हणजे १८८७ साली, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था स्थापन झाली. गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी तिला मोठी मदत केली. ती प्रथम भायखळ्याला होती. लालबागहून तेथे चालत जाता येते. १९२३ साली ती माटुंग्याला गेली. आज ती वीरमाता जिजाबाई तांत्रिक संस्था या नावाने ओळखली जाते. भायखळ्यालाच अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दिक तंत्रनिकेतन आहे. आपल्या शाळांतून शिकलेली कितीतरी मुले तेथे जातात. काही माध्यमिक शाळांत आठवीपासूनच तांत्रिक विषय घेता येतात. आयटीआयमध्ये दहावीनंतर हाताचे काम शिकता येते. भिसे यांच्या लहानपणी मुलांना अशी दारे उघडी नव्हती.

मुलांनो, यंत्राच्या जगात शिरायचे म्हणजे फक्त इंजिनिअर व्हायचे, असे समजू नका. यंत्राचा नकाशा काढणारा लागतो. ते कसे वापरावे याचे पुस्तक लिहिणारा लागतो. ते पुस्तक मराठीत, उर्दूत, हिंदीत आणणारा लागतो. कामगारांना शिकवणारा शिक्षक लागतो. लिफ्टमधली सूचना, औषधाच्या खोक्यातला कागद, मिक्सरबरोबर येणारी पुस्तिका, मोबाइलच्या पडद्यावर येणारा संदेश, हे सगळे कोणीतरी लिहिलेले असते. ते लिहिणे हा आज एक व्यवसाय आहे. मुली आणि मुले दोघेही त्यात काम करतात.

तुम्ही घरी उर्दू बोलता, शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकता, बाजारात हिंदी बोलता. कधी कधी तुम्हाला वाटते की, इतक्या भाषांचे हे ओझे कशाला? पण घरात नवे यंत्र आले की काय होते ते आठवा. त्याच्याबरोबरचा कागद अम्मीला वाचता येत नाही. मग ती तुम्हालाच हाक मारते. तुम्ही वाचता आणि तिला तिच्या भाषेत सांगता की, हे बटण आधी दाबायचे आणि झाकण लावल्याशिवाय ते चालू करायचे नाही. तुम्ही चुकीचे सांगितले तर तिच्या हाताला इजा होईल. नीट सांगितले तर तिचे काम हलके होईल. 'विविध कलाप्रकाश' काढून भिसे यांनी हेच काम सगळ्या लोकांसाठी केले होते.

गिरणगावातील कामगारांनी पिढ्यान् पिढ्या यंत्रे चालवली. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या एकेक करून बंद झाल्या. त्या कामगारांच्या हातात फार मोठे कौशल्य होते. साच्याच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखणारी माणसे येथे होती. त्यांचे ते ज्ञान फार थोडे लिहिले गेले. माणूस गेला की त्याच्याबरोबर ते गेले. तुमच्या चाळीत किंवा इमारतीत अजून एखादे वृद्ध आजोबा किंवा नानाजान असे असतील की, ज्यांनी गिरणीत काम केले आहे. त्यांच्याजवळ बसा. त्यांचे यंत्र कसे चालत होते ते विचारा आणि आपल्या वहीत उतरवून घ्या. उर्दूत लिहा, मग तेच मराठीत लिहून पाहा.

शोध लावणे हे मोठे काम आहे. तो सर्वांना समजेल असा सांगणे, हेही तितकेच मोठे काम आहे. शंकर आबाजी भिसे यांनी दोन्ही कामे केली. म्हणून त्यांची आठवण ठेवायची.

शब्दार्थ

कचेरी – दफ्तर, कार्यालय
हुनर – हाताचे कौशल्य, कारागिरी
आराखडा – वस्तू बनवण्यापूर्वी काढलेला नकाशा
खिळा – छपाईसाठी धातूचे अक्षर
शिळाछाप – दगडावरून केलेली छपाई
भांडवल – उद्योगात घातलेला पैसा
शब्द टाकणे – दुसऱ्यासाठी शिफारस करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शंकर आबाजी भिसे यांचा जन्म केव्हा व कोठे झाला?
(आ) भिसे यांनी कोणते मराठी मासिक चालवले?
(इ) दिनशा वाच्छा यांनी भिसे यांना कोणाच्या नावे पत्र दिले?

२. कारणे लिहा.
(अ) गिरणी कामगारांना यंत्राबरोबर आलेल्या कागदांचा उपयोग होत नसे.
(आ) उर्दू मजकूर पूर्वी शिळाछापावर छापत.
(इ) डिसेंबर १९०८ मध्ये भिसे मुंबईला परत निघाले.

३. 'चैन न पडणे', 'वळण लागणे' आणि 'वाया जाणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. घरातील एखादे यंत्र कसे वापरावे, हे सांगणारी आठ वाक्ये क्रमाने मराठीत लिहा. ती मित्राला वाचायला द्या. तुमच्या लिखाणावरून त्याला ते यंत्र चालवता आले का, ते पाहा.